मौनाची सक्ती

एखाद्या मनुष्याचें काम चोख असेल, तर त्याचें प्रेम कोणावर आहे किंवा तो स्वतःस पुरुष समजतो कीं स्त्री, ही पंचाईत कचेरीस कशाला हवी, असें सुज्ञ माणसें विचारतात. त्यांच्या मनांत द्वेष नसतो. म्हणूनच हा प्रश्न तपासून पाहणें अगत्याचें आहे.

आम्ही राहतों त्या खोपट भागांतून रोज सकाळीं कितीतरी तरुण अभियंते व आरेखक कामावर जातात. त्यांपैकीं विवाहितांचें घर त्यांच्याबरोबरच कचेरींत शिरतें: मेजावर मुलांची तसबीर, डब्यांतल्या भाजीची तारीफ, विम्याच्या अर्जावर पत्नीचें नांव. यास कोणी खासगी बाब म्हणत नाहीं. मौनाचा नियम लागू होतो तो समलिंगी व पारलिंगी सहकाऱ्यांसच. एकालाच बांधणाऱ्या नियमास तटस्थता कसें म्हणावें?

शास्त्राचा पहिला दंडक असा कीं, उपकरणानें जें दाखविलें तेंच वहींत लिहावें. तो पाळणाऱ्या मनुष्यास जेवणाच्या सुटींत मात्र स्वतःविषयीं रोज खोटें बोलावें लागावें, ही विसंगति लहान नव्हे.

लिन कॉनवे या अमेरिकन संशोधिकेनें स्त्री म्हणून जगण्याचें ठरविलें, तेव्हां 1968 सालीं आय.बी.एम. कंपनीनें त्यांना कामावरून काढलें. पूर्वायुष्य झांकून त्यांनीं नवा आरंभ केला आणि कार्व्हर मीड यांच्यासह संगणकाच्या चिप आंखण्याची नवी पद्धति घालून दिली. कंपनीनें क्षमा मागितली ती 2020 सालीं! मौन पाळूनच त्यांनीं एवढें केलें ना, असें कोणी म्हणेल. परंतु मौनास न जुमानतां जें घडलें, त्याचें श्रेय मौनास देतां येत नाहीं.

आपल्याकडे 2018 सालीं आय.आय.टी.च्या 20 आजीमाजी विद्यार्थ्यांनीं कलम 377 विरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. त्यांच्या व इतरांच्या अर्जांवर त्याच वर्षीं 6 सप्टेंबर रोजीं निकाल लागला, आणि प्रौढांचे परस्परसंमत समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहींत. त्यांच्या विवाहास मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानें मान्यता दिली नाहीं. त्यामुळें नोकरींतील सवलतींत जोडीदारास स्थान देणें बव्हंशीं मालकाच्या न्यायबुद्धीवर उरलें.

सर्वांनीं आपलें अंतरंग चव्हाट्यावर मांडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. न सांगण्याचा हक्क पवित्रच आहे. पण सांगितल्यानें पोटावर पाय येत नसेल, तेव्हांच तो हक्क ठरतो. एरव्हीं ती शिक्षा होय.