तेंदूची मजुरी आणि मोहाचे दान



"फादर, आता हातून काहीच पुण्य होत नाही. मग स्वर्ग मिळेल का?" अंथरुणाला खिळलेले वृद्ध हा प्रश्न पुष्कळदा विचारतात. त्यामागे एक हिशेब आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा, फळीवर मोजून द्यायचा. जितके पुडे, तितकी मजुरी. तारणही असेच मोजून मिळते, असे आपल्याला वाटते.

पण याच जंगलात मोहही आहे. ते झाड आपण लावलेले नसते. फूल आपोआप गळते. तरीही पहाटे टोपली घेऊन जावेच लागते.

तारण मोहाच्या फुलासारखे आहे. देवाच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणीही नीतिमान ठरत नाही, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली शिकवले. कृपेत राहून केलेल्या सत्कर्मांना देव प्रतिफळ देतो, हेही तिनेच सांगितले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेने होते आणि सत्कर्मे ही तिची फळे आहेत, हे दोघांनी मिळून मान्य केले. म्हणून ज्यांचे हात थकले आहेत त्यांनी भिऊ नये. दान घ्यायला पसरलेली ओंजळही देवाला पुरते.

मग धडधाकट माणसाने सत्कर्मे कशासाठी करावीत? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजाच्या उजवीकडचे लोक चकित होतात. आपण त्याला कधी जेवू घातले, हे त्यांना आठवतच नाही. त्यांनी वही ठेवली नव्हती. समोर भुकेला होता, एवढेच त्यांनी पाहिले.

आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याचे बाबा आमटे भर पावसात पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला पाहून आधी घाबरून पळाले, मग परत फिरले. पुढे आनंदवन उभे राहिले. ते ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले. कोणाचा न्याय करणे आपले काम नाही. परत फिरणे मात्र आपले काम आहे.

स्वर्गातले प्रतिफळ म्हणजे स्वतः देवच. ज्याला देव हवा आहे, त्याला पुडे मोजण्याची गरज काय? या आठवड्यात एक तरी सत्कर्म असे करू या, की जे आपण कोणालाही सांगणार नाही आणि स्वतःही विसरून जाऊ.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.