पायाळूची लाथ आणि टाचेचे दुखणे

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण 50. त्यांतले 20 मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्यासाठी. या 20 गुणांपायी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली पोरे उजाडायच्या आत घराबाहेर पडतात. उसाच्या कडेने धावावे तर बिबट्याची धास्ती, म्हणून डांबरी रस्ता धरतात. सराव एकदम वाढतो आणि कुणाची तरी टाच मागून धरते.

मग गावाचे वैद्यक सुरू होते. ‘चमक भरली, पायाळू माणसाची लाथ घे.’ नाहीतर बिब्बा लाव. बिब्बा उततो, कातडीला फोड येतात, आत दुखणे तसेच. शिकलेल्यांनी हसू नये. टाचेत स्टेरॉइडची सुई घ्यायची आणि लगेच मैदान गाठायचे, ही त्याच उतावीळपणाची महागडी आवृत्ती आहे. त्या सुईने कमजोर झालेली टाचेमागची कंडरा तुटूही शकते.

‘पण लोकांना गुण येतो!’ येतो, आणि तोच तपासला पाहिजे. हे दुखणे सकाळच्या पहिल्या पावलांना छळते आणि अंग तापले की ओसरते. चार दिवस स्वस्थ बसले तरी कमी होते. त्या वेळी शेजारी जो असेल, श्रेय त्याचे. पुन्हा धावायला लागल्यावर टाच परत धरते, तेव्हा मात्र पायाळूला कुणी जाब विचारत नाही. तो पायांकडून जन्मला, यात त्याच्या आईला कळा जास्त सोसाव्या लागल्या असतील. तुमच्या टाचेचा काय संबंध?

पोटरी टाचेला जोडणारी ही जाड कंडरा सावकाश बळकट होते. भार त्याहून वेगाने वाढला की तिचे तंतू विस्कटतात आणि पूर्ववत व्हायला महिने घेतात. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये हेच दुखणे असलेले 15 धावपटू घेतले. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहायचे, बऱ्या पायाने वर जायचे, दुखऱ्या पायाने टाच सावकाश पायरीखाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून 15 वेळा, अशा तीन फेऱ्या. गुडघा वाकवून पुन्हा तितक्याच. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. नंतरच्या अभ्यासांत सर्वांनाच इतका गुण आला नाही, काहींचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळले. तरी उपाय तपासता येतो, तो असा. आणि ‘गरिबाने फिजिओथेरपिस्ट कुठून आणावा?’ या रास्त प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्यात आहे: एकदा डॉक्टरांनी टाच पाहिली की पुढे लागते ती घरची पायरी.

‘थांबलो तर भरती हुकेल.’ पूर्ण थांबा असे कुणी म्हणत नाही. नुसती विश्रांती कंडरेला बळकट करत नाही. अंतर आणि वेग कमी करा, दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जास्त आखडली तर आणखी कमी करा. एवढे करूनही एखाद्याची भरती हुकेल. हे त्याला खरे सांगावे, ‘दम नाही तुझ्यात’ म्हणून हिणवू नये. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीचा बैल लंगडला तर मालक त्याला घाटात उतरवत नाही. भरतीच्या अकादमीत फी भरून आलेला मुलगा लंगडला की तो कामचुकार ठरतो. अकादमी चालवणाऱ्यांनी सांगावे, कोणत्या मुलाला आठवड्यात किती धावायला लावले याची वही त्यांच्याकडे आहे का? फीची तर असतेच.

मुलींचे आणखी अवघड. दुखते म्हटले की घरचे धावणेच बंद करतात, म्हणून त्या बोलतच नाहीत.

एक गोष्ट मात्र वेगळी. धावताना टाचेमागे कुणी काठी हाणल्यासारखा झटका बसला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा लेप, लाथ आणि पायरीवरचा व्यायामही बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचे.