गच्चीवर नेलेलं कार्ड

मे महिन्यात जळगावात विचार करायचा तर रात्री, आणि गच्चीवर. दिवसा डोकं चालतं ते फक्त सावली शोधण्यापुरतं. तेव्हा जेवणं उरकू द्या. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा, फरशीची धग निघून जाऊ द्या, मग गादी टाका. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. आज एक वस्तू जास्तीची वर न्यायची आहे: कपाटाच्या खणात पडून असलेलं ते जुनं क्रेडिट कार्ड. त्याचं शेवटचं स्टेटमेंट मोबाइलवर असेल तर चार आकडे कागदावर उतरवून घ्या आणि मोबाइल खालीच राहू द्या.

ते ठेवायचं की बंद करायचं, हे आज रात्री ठरवायचं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत, तेव्हा दर रविवारी एकच अध्याय होई. अठरा अध्यायांना अठरा रविवार लागले. मधले सहा दिवस ऐकलेलं मुरायला. आपला विषय गीतेच्या मानाने फारच किरकोळ आहे, पण मुरायला वेळ त्यालाही लागतो. ‘बंद करून टाक’ असं सांगणारे आणि ‘अजिबात बंद करू नकोस, सिबिल पडेल’ असं सांगणारे, दोघंही घाईत असतात.

कार्ड हातात घ्या. अंधारातच. कडेवरून अंगठा फिरवा. प्लास्टिक बहुधा नवंच आहे. मुदत संपली की बँक नवं पाठवते, त्यामुळे जुनं आहे ते कार्ड नव्हे, खातं. खातं कधी उघडलं, आठवा. पगार किती होता? पहिली वस्तू कोणती घेतली?

माझी पहिली वस्तू कूलर. पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पंख्याचा आवाज असा की शेजारच्यांना वाटे पिठाची गिरणी सुरू झाली. पहिल्या महिन्याचं बिल आलं, त्यात दोन आकडे होते, एक मोठा आणि एक छोटा. छोट्याखाली लिहिलं होतं, किमान देय रक्कम. मी छोटा भरला आणि बँकेच्या भलेपणाचं कौतुक करत झोपलो. पुढच्या महिन्यातही छोटाच. दुसऱ्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीला गंज लागून भोक पडलं, एम-सील लावलं, आणि पैसे फिटायचेच होते.

हे कसं होतं, ते एकदा सावकाश पाहू. डोळे मिटलेत तरी चालेल, आकडे सोपे आहेत. समजा बाकी ४०,००० आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. ऐकायला साडेतीनच. महिन्याचं व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. किमान देय रक्कम साधारण पाच टक्के धरली तर २,०००. तुम्ही दोन हजार भरता, त्यातले १,६५२ व्याजाच्या आणि कराच्या घरात जातात, मुद्दलातून सुटतात ३४८. असंच चालू ठेवलं, नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाही, तरी ४० हजारांचे २० हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तोवर भरलेले असतात सुमारे १ लाख १५ हजार. नवी खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी राहिली की बिनव्याजी दिवस संपले. आणि याच कार्डावर एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी दिवस मुळात नसतातच.

साडेतीनला बाराने गुणा. बेचाळीस. या आकड्याजवळ थोडं थांबा. खानदेशातल्या माणसाला बेचाळीस समजावून सांगावं लागत नाही. रुमाल डोक्याला गुंडाळून आपण तो अंगावर घेतलेला असतो. तापमानाचा बेचाळीस कळतो, कारण तो दुपारी बाराला थेट टाळूवर येतो. व्याजाचा कळत नाही, कारण तो महिन्याला साडेतीनच्या मापाने येतो, आणि साडेतीन अंशांना कुणी ऊन म्हणत नाही.

आपल्याकडे व्याजाला वेसण घालायची रीत जुनी आहे. दामदुपट हा शब्द आजोबांकडून ऐकला असेल. व्याज मुद्दलाइतकं झालं की थांबलं. एका वेळी मुद्दलाच्या दुपटीहून जास्त मागता येत नाही. हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत. आजही परवानाधारक सावकाराला, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली ठरलेल्या दरांप्रमाणे, बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज देताना साल १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. बँकेच्या कार्डाला ही वेसण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदर ही बँकांची आणि रिझर्व्ह बँकेची बाब, असा त्याचा रोख. ज्या गावांत सावकाराच्या वहीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात तिथे हे ऐकताना गंमत वाटते. गंमत हा शब्द मी जपून वापरतोय. आणखी एक: यावल-रावेरकडच्या केळीवाल्याच्या खिशातही ‘क्रेडिट कार्ड’ असतं, किसान क्रेडिट कार्ड. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राच्या सवलतीनेच ते चार टक्क्यांवर येतं. आडनाव एकच, घराणी वेगळी.

कूस बदला. वारा सुटला असेल.

आता उलट बाजू. समजा त्या कार्डावर आज काहीच बाकी नाही. शून्यावर बेचाळीस टक्के किती? शून्य. मग ‘व्याज फार आहे म्हणून बंद करू का’ हा प्रश्नच आपण चुकीचा विचारत होतो. ज्याची बाकी शून्य आहे त्याला त्या दराचं काही देणंघेणं नाही, आणि ज्याची बाकी आहे त्याने कार्ड बंद करायचं म्हटलं तरी ते बाकी फिटल्याशिवाय बंद होत नाही. बाकी असेल तर आजचं मनन इथेच थांबवा, खरंच. आधी ती फेडा. मोडता येण्यासारखी एखादी आवर्ती ठेव किंवा बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डाच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. सोनं ठेवायचं म्हटलं की घरात तोंडं उतरतात, ते मला माहीत आहे. सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात तर जास्तच. पण पाटल्या तिजोरीत आणि बाकी कार्डावर, हा हिशेब पाटल्यांनाही पटणार नाही. फक्त बँकेशी ‘तडजोड’ करून कमी पैशात मिटवण्याच्या मोहात पडू नका. सिबिलच्या अहवालात ते खातं ‘बंद’ असं न दिसता ‘सेटल्ड’ असं दिसतं, आणि पुढचा बँकवाला तो शब्द बरोबर वाचतो.

बाकी नसेल त्यांनी पुढे यायचं. खातं जुनं असण्याला किंमत आहे, हे खरं. वेळेवर फेडीचा लांबलचक इतिहास सिबिलच्या गुणांकाच्या बाजूने बोलतो. बंद केलं म्हणून तो इतिहास दुसऱ्या दिवशी पुसला जात नाही, अहवालात काही वर्षं राहतो. पण मर्यादा मात्र लगेच जाते. जुन्या कार्डाची मर्यादा ६०,००० आणि नव्याची ४०,००० असेल, आणि महिन्याला तुम्ही २५ हजार वापरत असाल, तर आज तुम्ही एक लाखातले पंचवीस हजार वापरता. जुनं बंद केलं की चाळीसातले पंचवीस, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. खर्च तोच, पण कागदावर माणूस ओढगस्तीला आलेला दिसतो. तिसाच्या आत राहावं असं म्हणतात. येत्या वर्षात घराचं कर्ज काढायचं असेल तर कार्डाला हात लावू नका; नसेल तर गुणांकाच्या चार-दोन अंकांसाठी झोप घालवायची गरज नाही. तो परत चढतो.

आणि खणात टाकून ठेवलं म्हणजे ‘ठेवलं’, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँकेने आधी कळवायचं, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं. ठेवायचं असेल तर त्याला काम द्यावं लागतं. महिन्याचं विजेचं बिल, एवढंच. पूर्ण रक्कम आपोआप खात्यातून वळती होईल अशी सोय करून.

इथवर सगळा हिशेब झाला. हिशेबाला गच्ची लागत नाही, तो ऑफिसातही होतो. गच्ची लागते ती पुढच्यासाठी.

माझी मावशी धुळ्याला देवपुरात राहते. दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना पाकीट पलंगावर पडलं आणि कार्डं बाहेर आली. तिने एकेक उचलून पाहिलं. हे कशाचं, ते कशाचं. जुन्याशी आलो तेव्हा मी म्हणालो, हे वापरत नाही. ती म्हणाली, “वापरस नही, मंग ठेवस कसाले?”

मी सिबिलचं सांगितलं, अडीअडचणीचं सांगितलं. रात्री दवाखान्यात अनामत भरायला लागली तर? तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. परतताना एसटीत पारोळ्यापर्यंत तो ‘कसाले’ सोबत होता. अडचणीला नवं कार्ड होतं, खात्यात थोडे पैसेही होते. वर्षाला ५०० रुपये शुल्क आणि ९० जीएसटी मी कशासाठी भरत होतो?

तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारा, मावशीच्या आवाजात. पहिलं उत्तर येईल ते सोडून द्या, ते सगळ्यांचं एकच असतं. दुसऱ्याची वाट पाहा.

माझं दुसरं उत्तर आलं ते एका पायरीच्या रूपाने. बियाण्यांच्या दुकानाची दगडी पायरी. वडील सरकी आणि खत उधारीवर घ्यायचे, कापूस विकला गेला की दिवाळीनंतर फेडायचे. मी सात-आठ वर्षांचा. चपला खाली काढून वडील पायरीवर बसलेले. रोखीचं गिऱ्हाईक येई, माल घेऊन जाई. पुन्हा येई, जाई. दुकानदार वाईट नव्हता, उधारी देत असे. फक्त शेवटी देत असे. वडील मधूनमधून टोपी काढून पुन्हा घालायचे, जणू आत्ताच आलो आहोत.

आणि मला, कुठेही न बसता, कुणाच्या नजरेची वाट न बघता, एका बँकेने टपालाने पत पाठवली होती. पाकिटात, माझ्या नावाने, इंग्रजीत. ते कार्ड म्हणजे माझ्यासाठी कर्ज नव्हतंच कधी. तो दुकानाच्या आतला पाट होता. म्हणून व्याजाने कातडं सोललं तरी मी त्याच्यावर रागावलो नाही आणि फिटल्यावरही ते सोडलं नाही.

तुमचं उत्तर वेगळं असेल. कदाचित नवऱ्याला माहीत नसलेला तुमचा स्वतःचा तेवढाच एक कोपरा असेल, आणि तो राखायला वर्षाचे ५९० रुपये महाग नाहीत. कदाचित उलट असेल: कार्ड खणात आहे म्हणून हात शिवशिवतो, सेलचे दिवस आले की खण उघडला जातो. तसं असेल तर गुणांक गेला खड्ड्यात, कार्ड जाऊ द्या. शिवशिवणारा हात आपला आपल्याला कळतो. अंधारात तर नक्कीच.

ठरलंच तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. त्या कार्डावरून आपोआप जाणारे विम्याचे, रिचार्जचे हप्ते आधी दुसरीकडे वळवा. जमलेले गुण वापरून टाका. मी पूर्ण बाकी भरून मोकळा झालो असं समजलो, तर पुढच्या महिन्यात चारशेच्या आसपास व्याज पुन्हा दारात उभं. बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं. तेही भरा, मग अर्ज करा, लेखी. देणं काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दर दिवसाचे ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. बंद केल्याचं पत्र मागून घ्या. आणि मधला रस्ताही आहे: शुल्क माफ करा नाहीतर बिनशुल्काचं कार्ड द्या, असं आधी विचारून पाहा. मी विचारलं. पलीकडच्या मुलीने सात मिनिटं गाणं ऐकवलं आणि माफ केलं.

म्हणून माझं कार्ड अजून आहे. त्याच्यावर दरमहा विजेचं बिल जातं. ते मावशीला अजून सांगितलेलं नाही.

कूलर इथेच आहे, तुमच्या पायथ्याशी नसला तरी माझ्या आहे. ताट्या कधीच कुजून गेल्या, पत्रा लाल झालाय. मागच्या आठवड्यात त्यात मांजर व्याली, तीन पिल्लं. हात घातला तर ती फिसकारते. तिच्या लेखी तो कुणाच्याही नावावर नाही.

उजाडायला लागलं वाटतं. खाली बादल्यांचा आवाज येतोय, नळाला पाणी आलंय. उठा, आता आधी पाणी. कार्ड उशीखाली राहिलं तरी चालेल, फक्त गादी गुंडाळताना त्यात गुंडाळलं जाऊ देऊ नका.