पंगतींतील आग्रह

पाहुण्यास पोटभर जेवूं घालणें हा आपल्या लोकांचा थोर गुण होय, याविषयीं वाद नाहीं. ज्या घरीं एका वेळची भाकरी कष्टानें मिळते, त्या घरींही पाहुणा आला असतां शेजारून पीठ उसनें आणून त्याच्यापुढें ताट मांडलें जातें, हें आम्हीं खेडोपाडीं फिरतांना अनेकदां पाहिलें आहे. परंतु याच गुणाच्या पोटीं एक प्रश्न जन्मास येतो, आणि नाताळाचे व लग्नसराईचे दिवस जवळ आले म्हणजे तो आम्हांस दरवर्षीं छळतो. यजमान प्रेमानें वाढीत आहे. आपल्या पोटास तें नको आहे, किंबहुना तें आपल्या शरीरास अपायकारक आहे, हें आपणांस ठाऊक आहे. अशा वेळीं मनुष्यानें काय करावें? प्रेमाचा मान राखून खावें, कीं शरीराचा मान राखून नाहीं म्हणावें?

कित्येक वाचक म्हणतील कीं, हा काय प्रश्न! एक लाडू अधिक खाल्ल्यानें कोण मेला आहे? आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच म्हणत होतों. आमचें मत कसें पालटलें, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध शिक्षक आहेत. ते पंगतीस बसले म्हणजे आम्हीं परात घेऊन त्यांच्यापुढें उभें राहावें, त्यांनीं पानावर हात आडवा धरावा, आणि आम्हीं त्यांच्या बोटांच्या फटींतून जिलबी खालीं सोडावी. मग सगळ्या पंगतीनें हंसावें, असा प्रघातच पडून गेला होता. गुरुजी कधीं रागावले नाहींत. अन्न टाकणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें, म्हणून ते ती मुकाट्यानें खात. पुढें त्यांच्या पायास एक जखम झाली व महिना लोटला तरी ती भरेना, असें कानीं आलें म्हणून आम्ही समाचारास गेलों. तेव्हां त्यांच्या पत्नीनें सांगितलें कीं, गुरुजींस मधुमेह होऊन सहा वर्षें झालीं आहेत, आणि वजन उतरविण्याविषयीं डॉक्टरांनीं त्यांस वारंवार बजाविलें आहे. घरीं ते भाकरी-भाजी बेतानें खात. पण महिन्यांतून तीन-चार कार्यें, आणि प्रत्येक कार्यांत आमच्यासारखा एक स्नेही! बाई रागानें बोलल्या नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें. “भाऊ, तुम्ही प्रेमानें वाढीत होतां,” एवढेंच त्या म्हणाल्या.

त्या जखमेचा सगळा दोष आमच्या परातीकडे जातो असें नाहीं. हा रोग पुष्कळ कारणांनीं होतो व वाढतो. परंतु आमचा त्यांत कांहींच वांटा नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य त्या दिवसापासून आम्हांस झालेलें नाहीं.

हा आग्रह आपल्यांत आला कोठून, याचा विचार केला तर त्याचा राग येत नाहीं. ज्या मुलखानें 1876 ते 1878 चा महादुष्काळ पाहिला, आणि 1972 सालीं पुन्हां खडी फोडून, सुकडी व परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, त्या मुलखांत अन्नाचा आग्रह हा मायेचाच दुसरा शब्द असावा, यांत नवल नाहीं. त्या वेळीं दुष्काळी कामांवर राबलेले पुष्कळ जण आजही आपल्यांत आहेत. त्यांच्या तोंडीं ‘अंग भरलें’ ही स्तुति असते आणि ‘वाळलास’ ही काळजी असते. फार जुन्या काळींही असेंच होतें. दानिएलाची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ असते. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं राजाचें पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी खाल्ली व पाणी प्यालें, आणि शेवटीं ते इतर तरुणांहून अधिक पुष्ट दिसले! आजचा मनुष्य शाकभाजी खातो तो सडपातळ होण्याकरितां. त्या काळीं त्याच अन्नाचा गुण पुष्टतेवरून ठरविला गेला. त्या गोष्टींत आम्हांस आणखीही एक शिकण्याजोगी गोष्ट दिसते. दानिएलानें ताट लोटून दिलें नाहीं. त्यानें कारभाऱ्यास विनंती केली, त्याची अडचण ऐकून घेतली, आणि दहा दिवस पाहा, मग ठरवा, असें सुचविलें. नकार देतांनाही त्यानें समोरच्याचा मान ठेविला.

परंतु दुष्काळाची ती आठवण आणि आजचें आपलें शरीर यांचें आतां जमत नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं या विषयांत फार मोलाचें काम केलें आहे. 2004 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचें शेजारीं शेजारीं उभे असलेलें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांच्याही वजनाचा अंक अगदीं सारखा, म्हणजे 22.3 होता, पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी शेंकडा 9.1 आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरांत शेंकडा 21.2! याचा अर्थ असा कीं, आपल्यांतला मनुष्य वरून बारीक दिसला तरी आंतून स्थूल असूं शकतो. म्हणूनच आपल्या देशांत पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या वर गेली कीं सावध व्हावें, असें वैद्य सांगतात. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें भारतांत 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असावा असा अंदाज केला आहे. पन्नास माणसांच्या पंगतींत असे किती जण बसले आहेत, हें वाढणाऱ्यास दिसत नाहीं. कित्येकदां खाणाऱ्यासही ठाऊक नसतें.

आतां आग्रहाच्या पोटांत काय आहे तें पाहूं. माया आहे, हें खरेंच. पण केवळ मायाच असती तर पाहुणा ‘पुरे’ म्हणतांच ती थांबली असती. पाहुण्यानें नको म्हटलें कीं यजमानाचें तोंड उतरतें, तें कां? आपल्या घरचें कार्य उणें पडलें असें कोणी म्हणेल, ही धास्ती त्यास असते. म्हणजे तेथें पाहुण्याच्या पोटावर आपल्या नांवाची बेगमी चाललेली असते. कर्ज काढून चार पक्वान्नें करणारा बाप आणि तीं सर्व पाहुण्याच्या गळीं उतरविणारा वाढपी हे दोघेही एकाच भीतीचे चाकर आहेत, असें आम्हांस वाटतें.

पाहुण्याकडेही दोष नाहीं असें नव्हे. कित्येक जण सुटका करून घेण्याकरितां खोटें बोलतात: ‘आतांच जेवून आलों’, ‘आज पोट बरें नाहीं’. अशा क्षुल्लक खोट्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं, असें म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. कारण त्यानें यजमान शिकत कांहींच नाहीं, व पुढच्या कार्यांत तीच झोंबाझोंबी पुन्हां होते. मात्र खरें बोलावें म्हणजे भर पंगतींत आपल्या रोगाची हकीकत सांगावी, असेंही नाहीं. तें सांगण्यास कोणी बांधलेला नाहीं. ‘फार चांगलें झालें आहे, पण आतां पुरे’ एवढें हंसतमुखानें म्हटलें तर त्यांत खोटेंही नाहीं आणि अपमानही नाहीं. दुसरे कांहीं जण नाकारतात तें अशा थाटानें कीं, शेजारच्याच्या तोंडांतला घांस कडू व्हावा. स्वतःचें वजन मोजतां मोजतां ते सगळ्या पंगतीचें वजन मोजूं लागतात. ‘तुम्ही फार सुटलांत हो!’ असें चारचौघांत म्हणणाऱ्यापेक्षां जिलबीचा आग्रह करणारा पुष्कळ बरा.

अन्न वाया जाऊं नये म्हणून खातों, असें म्हणणारेही भेटतात. त्यांच्या हेतूस आम्ही मान देतों. पण भूक सरल्यावर खाल्लेलें अन्न भुकेल्यास तर मिळत नाहींच. खरा उपाय तें पानांत पडण्यापूर्वीं आहे. आणि येथें आपल्या घरांतील बायांचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. सर्वांच्या मागून जेवावें, मुलांच्या ताटांत उरलेलें खावें, पातेल्याच्या तळचा भात टाकवत नाहीं म्हणून तोही खावा, आणि दुसऱ्या दिवशीं शिळा शिराही आपणच संपवावा, हा त्यांचा नेम. पुढें अंग सुटलें, गुडघे दुखूं लागले, म्हणजे हेच घरचे लोक त्यांस खादाड म्हणावयास चुकत नाहींत! त्या माउलीनें स्वतःच्या भुकेनें असें केव्हां खाल्लें? तिला पंगतींत आपल्याबरोबर बसविलें, आणि उरलेलें त्याच रात्रीं शेजारीं वांटून टाकलें, तर तिच्या वजनाचा प्रश्न औषधांवांचून पुष्कळसा सुटेल, अशी आमची समजूत आहे.

कांहीं साध्या गोष्टी येथें सांगून ठेवितों. संध्याकाळीं मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणें हा मोठा चुकीचा हिशेब होय. असा मनुष्य पानावर बसतांच तुटून पडतो, आणि मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यास तर उपास धोक्याचाच. निघण्यापूर्वीं मूठभर फुटाणे व ताक घ्यावें. पानावर प्रथम कोशिंबीर, उसळ, किंवा मटणाचे तुकडे खाऊन भात व पुरी मागून घेतली, तर जेवणानंतर रक्तांतील साखर कमी चढते, असें अलीकडच्या प्रयोगांत दिसून आलें आहे. पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोंचण्यास सुमारें 20 मिनिटें लागतात. म्हणून सावकाश जेवावें. तुपातेलाच्या एका ग्रॅमांत 9 कॅलरी उष्णता असते. पिठांत व साखरेंत ती 4 असते. या हिशेबानें पांच लहान चमचे तूप म्हणजे जवळजवळ एक तासाची साधी चाल झाली. उभ्याउभ्या जेवण्याची जी नवी रीत निघाली आहे तिच्यांत आग्रह नसतो, पण डोळ्यांचा आग्रह असतो. तेथें आधीं सगळीं भांडीं पाहून यावें आणि मग ताटली हातीं घ्यावी. गप्पांच्या भरांत हात तोंडाकडे किती वेळां जातो हें कळत नाहीं. अमेरिकेंतील जॉन डी कॅस्ट्रो यांनीं लोकांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हां सोबतीस माणसें जितकीं अधिक तितकें जेवण मोठें, असेंच त्यांस आढळलें.

हें सर्व लिहीत असतां आमच्या डोळ्यांपुढें पंगतीच्या टोकास बसणारा तो ऊसतोड मजूर आणि त्याचीं मुलें येतात. त्यांस गोड मिळतें तें अशाच दिवशीं. करिंथ येथील मंडळींत एक जण भुकेला राही व दुसरा मस्त होई, याचें पौलास दुःख झालें होतें. आणि आपल्याही पंगतींत दोन्ही प्रकारचीं माणसें शेजारीं शेजारीं बसतात. म्हणून वाढणाऱ्यानें सर्वांस एकच नियम लावूं नये. त्या मुलांकडे परात दोनदां न्यावी, तिसऱ्यांदाही न्यावी. दुसऱ्यांस एकवार विचारावें, फार तर दोनदां, आणि हात आडवा आला कीं पुढें जावें.

गुरुजींची जखम चार महिन्यांनीं भरली. गेल्या नाताळांत ते मंडळीच्या प्रीतिभोजनास आले होते. आम्हीं या खेपेस कोशिंबिरीचें भांडें मागून घेतलें होतें. पण जिलबी वाढणारा मुलगा पाण्याकरितां गेला, आणि परात आमच्याच हातीं आली. गुरुजींपुढून आम्ही खालीं मान घालून जाऊं लागलों, तोंच त्यांनीं हांक मारली व म्हणाले, “अहो, मला एक द्या.” द्यावी कीं न द्यावी हें आम्हांस कळेना. आम्ही तसेच उभे राहिलेले पाहून त्यांनीं स्वतःच परातींतली एक जिलबी उचलली, ती मधोमध मोडली, अर्धी आपल्या पानांत ठेविली आणि अर्धी शेजारीं बसलेल्या नातवास दिली.