पन्नास शब्दांचे पुस्तक

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले. पूर्वी ते पाचवीत भेटायचे. मुलांचे वय खाली उतरले, पण शब्द शिकवायची रीत बऱ्याच ठिकाणी पाचवीचीच राहिली: फळ्यावर शब्द, शेजारी अर्थ, आणि घरून पाच-पाच वेळा लिहून आणायचे. घरीही पाहुण्यांपुढे जिराफ, झेब्रा म्हणून दाखवणारे पोर हुशार ठरते. ‘दप्तर टेबलाखाली आहे’ एवढे त्याला इंग्रजीत सांगता येते का, हे कोणी विचारत नाही.

मुलांना कोणते शब्द आधी द्यायचे, हा प्रश्न जुनाच आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षण खात्यात होते. बंगाली मुले इंग्रजी वाचनात का अडखळतात, याचा त्यांनी विचार केला. क्रमिक पुस्तकांत नवे शब्द फार दाट पेरलेले असत. वेस्टनी ते विरळ केले, दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजचे घातले. १९५३ साली त्यांनी नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली. तीत दिमाखदार शब्द थोडे. देणे-घेणे, येणे-जाणे, वर-खाली अशीच गर्दी.

अमेरिकेत मुलांसाठी लिहिणाऱ्या डॉ. सूस यांनी या काटकसरीचा खेळच केला. १९५७ सालचे त्यांचे टोपीवाल्या मांजराचे पुस्तक २३६ वेगवेगळ्या शब्दांत बसले. पुढे प्रकाशकाने पैज लावली आणि १९६० साली अख्खे पुस्तक ५० शब्दांत झाले. त्यांतले ४९ एकाच उच्चारखंडाचे (सिलेबलचे). शब्द तेच तेच, पण पोरांना कंटाळा येत नाही, कारण पुढे काय होते याची ओढ असते.

अर्थात ती अमेरिकी मुले इंग्रजी बोलतच शाळेत येत. त्यांना फक्त वाचायला शिकायचे होते. आपल्याकडे इंग्रजी शब्द आधी कानावरूनच गेलेला नसतो. म्हणून आपल्या वर्गात पुस्तकाइतकेच मोठ्याने वाचणारे माणूस लागते. कानावर पडलेले शब्द सहज येतात: गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘आऊट’, ‘नो बॉल’ कोणी पाठ करून घेतले नव्हते. तिथे भांडायला शब्द लागत होते, ते आले. अपील करणाऱ्याला स्पेलिंग कोण विचारतो?

पण एकच गोष्ट आठवड्यात तीनदा वाचून दाखवणाऱ्या, मधेच थांबून पुढचा शब्द मुलांकडून वदवून घेणाऱ्या बाईंची अडचण वेगळी असते. त्या तासाचे वहीत काहीच उमटत नाही, आणि पालकसभेत उघडली जाते ती वही.