नाव आणि स्वर

मृत माणसाचे नाव ऐकणाऱ्याला ओळखूच येणार नाही अशा रीतीने स्वरांत घातले, तर ते नाव घेतले असे म्हणायचे का? मोरीस द्युरुफ्ले यांचा ‘आलँ या नावावरील प्रेल्यूड आणि फ्यूग’ ऐकताना मला हा प्रश्न पडतो.

जेआँ आलँ हा ऑर्गनवादक आणि रचनाकार २० जून १९४० रोजी सोम्यूरजवळ लढताना मारला गेला. वय एकोणतीस, सैन्यात तो मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा. लढाई थांबवायला हवी, असे पेतँने तीन दिवस आधीच रेडिओवरून सांगितले होते. द्युरुफ्ले त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. आपल्याच लेखनावर सतत असमाधानी असलेला माणूस; आयुष्यभराच्या रचनांचे क्रमांक चौदावर संपतात. त्यांतली ही सातवी, १९४२ ची, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाची.

युक्ती साधी आहे. ‘ए’ ते ‘एच’ या आठ अक्षरांना जर्मन पद्धतीत स्वर ठरलेले आहेतच. ‘आय’पासून मोजणी पुन्हा पहिल्या घरातून सुरू करायची. आलँ या नावाची पाच अक्षरे मग ला, रे, ला, ला, फा अशी होतात. आपल्या कानाने, रे हा षड्ज धरला तर, प सा प प आणि कोमल ग. पण १९०९ मध्ये, हायडनच्या शंभराव्या पुण्यतिथीला, राव्हेल, दब्यूसी वगैरेंनी त्याच्या नावावर रचना केल्या तेव्हाचा तक्ता निराळा होता. त्यात शेवटचे ‘एन’ सोल होते. इथे ते फा आहे. त्या तक्त्याने आलँचे ला, मी, ला, सी, सोल झाले असते आणि रे मायनरच्या त्रिस्वरात इतके नेमके बसले नसते. शिवाय स्वरांवरून नावाकडे परत जाता येत नाही: ‘ला’ म्हणजे ‘ए’ की ‘आय’, हे कोण सांगणार?

म्हणून ही नुसती शब्दकोड्याची हौस ठरते का? मला तसे वाटत नाही. नियम मनमानी असला तरी एकदा पत्करला की तो बांधून घालतो. फ्यूगमध्ये प्रत्येक नव्या आवाजाला त्याच विषयाने आत यावे लागते. इथे तो विषयच नावाने सुरू होतो. (आपल्याकडे नाममुद्रा कवी स्वतःची घालतो, इथे दुसऱ्याची आहे.) ऐकणाऱ्याला कळो न कळो, लिहिणाऱ्याला ते नाव टाळता येत नाही. आपण ज्याला स्मरण म्हणतो त्यातले बरेचसे असेच, कोणाला न दिसणारे असते.

तरी एक अडचण उरते. आलँ हे आडनाव. घरातच ऑर्गन बांधणारे वडील आल्बेरही आलँ, आणि पुढे भावाच्या रचना जगभर वाजवणारी बहीण मारी-क्लेरही आलँ. ते पाच स्वर साऱ्या घराचे आहेत. त्यांतून जेआँ वेगळा कसा काढायचा?

द्युरुफ्ले ते काम सांकेतिक लिपीवर सोडत नाहीत. प्रेल्यूडच्या शेवटाकडे ते जेआँच्याच १९३७ च्या ‘लितानी’तला विषय आणतात. मूळ रचनेत तो हट्टाने, पुन्हापुन्हा, वेग वाढवत श्वास लागेपर्यंत आदळतो. इथे तो हळू आवाजात येतो, आणि ‘लितानी’ ऐकलेल्या कोणालाही तक्त्याशिवाय ओळखू येतो. त्यानंतर फ्यूग सुरू होतो: ला, रे, ला, ला, फा.