उपकाराचा वेग

उपकाराला माप असावे काय? घरच्या काचेच्या टाकीतल्या बेट्टा माशाकडे पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो. हा जीव मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरांतल्या आणि दलदलीतल्या संथ पाण्यात राहणारा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पाण्याच्या पृष्ठभागी येऊन तो हवाही घेतो आणि नर तिथेच बुडबुड्यांचे घरटे बांधतो. त्याचे लांब, झुलते पर मात्र निसर्गाचे नव्हेत. ते माणसाच्या हौसेने पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. ते सावरीत फिल्टरच्या प्रवाहाशी झुंजताना तो थकतो, घरटेही विसकटते.

मग फिल्टर बंदच करावा? तेही बरे नव्हे. त्यात वसलेले जीवाणू विषारी अमोनियाचे अखेर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणून मी तोटीवर स्पंजाचा तुकडा बसवतो, तिचे तोंड काचेकडे वळवतो. पाणी निवळत राहते, लोंढा तेवढा ओसरतो.

घरातल्या मुलांवर, म्हाताऱ्यांवर आपण मायेची धार धरतो, ती आपल्या उत्साहाच्या मापाने. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे झाले, हे मला पटत नाही. हेतू देणाऱ्याचा असला तरी सोसणे घेणाऱ्याचे असते. तेव्हा मापही त्याचेच हवे. आणि ज्याचे पर आपणच जड केले, त्याला ‘नीट पोहायला शिक’ असे सुनावण्याचा अधिकार आपल्याला कुठला?